नऊ फूट

चुन्याची रेघ कुंपणातून आत शिरली, वाळत घातलेल्या चादरींखालून सरळ पुढे गेली आणि खोलीच्या भिंतीला जाऊन टेकली. मोजणीच्या मशीनवाल्याने भिंगातून पुन्हा एकदा पाहिलं आणि चुन्याचं घमेलं घेतलेल्या मजुराला सांगितलं, "भिंतीवर फुली मार आणि घराच्या पलीकडून पुढे चालू कर."

"अहो, फुली कसली मारताय?" सिस्टर धावत बाहेर आली. ती नुकतीच हॉस्पिटलातून घरी पोचली होती, अंगावर अजून ड्युटीचे कपडे होते. "आत माझी आई झोपलीये!"

"ताई, माझ्यावर कशाला चिडता? तुमची हद्द नऊ फूट रस्त्यात आलीये. मी नाही, नकाशा सांगतोय."

बघ्यांमध्ये मोजणीकाका उभे होते. एरवी अशा वेळी गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण 'नऊ फूट' हे शब्द कानावर पडले आणि ते एक पाऊल मागे सरकले. सिस्टरने त्यांना पाहिलं. "काका, तुम्हीच मोजून दिलं होतं ना? सांगा ना यांना!"

"बघतो," काका म्हणाले आणि चक्क आपल्या घराकडे चालू लागले.

काकांची सगळी हयात मोजणी खात्यात गेली होती. माणूस भलताच एककल्ली. कुणाकडेही गेले की आधी खोलीची लांबी-रुंदी नजरेने मोजणार आणि मगच चहाचा कप उचलणार. सव्वीस वर्षांपूर्वी या माळावरची वसाहत त्यांनीच आखली आणि मोठ्या हौसेने इथेच घर बांधलं. जमिनीचा मालक प्लॉट विकून जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. ना रस्ता, ना दिवे, ना गटार. पहिल्या ओळीतली आठ घरं कशीबशी उभी राहिली, बाकी सगळीकडे काटेरी झुडपं माजली. इथला पत्ता सांगितला की गाडीवाले हात जोडायचे.

गेल्या वर्षी मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं. प्लॉटमालकांचा संघ झाला. झुडपं निघाली, गटारं खोदली, खांबांवर दिवे लागले, आणि त्या संध्याकाळी चांगली पन्नाशी-साठीची माणसं पोरांसारखी बाहेर येऊन दिव्यांकडे बघत उभी राहिली. आता डांबर पडायचं होतं. रस्ता पूर्ण रुंदीचा मिळाला तरच डांबर, असं सरकारी ऑफिसने कळवलं होतं, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नाला, म्हणजे तिकडे इंचभरही सरकायची सोय नाही. 'मशीन आणून मोजा, रस्ता नकाशाबरहुकूमच झाला पाहिजे,' असा सभेत हट्ट कुणी धरला? काकांनीच. कुणी विचारलं होतं का त्यांना!

घरी येऊन त्यांनी ट्रंकेच्या तळातून जुनी मोजणीवही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या प्लॉटच्या कोपऱ्याचा दगड झुडपात होता आणि झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मोजणीची साखळी धरणारा माणूस काही केल्या आत जाईना. म्हणून काकांनी नऊ फूट पुढे खुंटी ठोकली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. पानाच्या कडेला त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'खुंटी नऊ फूट पुढे. शेवटी वजा करणे.' ते वजा करायचं राहून गेलं होतं. आठही प्लॉट नऊ-नऊ फूट पुढे सरकले होते. पहिल्याच्या पलीकडे नऊ फूट जागा फुकट राहिली, मधले सगळे थोडे थोडे शेजाऱ्याच्या जागेत घुसले, आणि शेवटची सिस्टर रस्त्यात गेली.

"काय हो, चेहरा का असा पडलाय?" काकूंनी विचारलं. काकांनी सांगितलं तसं त्या ऐकता ऐकता खाली बसल्या. "म्हणजे आपलं घरही चुकीच्या जागी?"

"सगळ्यांचीच."

"मग एक अक्षर बोलू नका कुठे. या वयात लोकांनी तोंडावर थुंकावं असं वाटतंय का तुम्हाला?"

"अगं, पण ती पोर, तिची ती अंथरुणाला खिळलेली आई..."

"निघेल काहीतरी मार्ग. तुम्ही म्हणजे सगळं ओढवून घेता अंगावर."

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्या पंधरा दिवसांत सिस्टर तीनदा कागदांची पिशवी घेऊन काकांच्या दारात आली. चार वर्षांपूर्वी आईचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून हॉस्पिटलातून सुटली की ती थेट घरी यायची. तिची सगळी धाव घर ते हॉस्पिटल. ऑफिसात कुणाला भेटायचं, काय लिहायचं, तिला काही ठाऊक नव्हतं.

"काका, माझं चुकलं कुठे ते तरी सांगा," तिसऱ्या खेपेला ती म्हणाली. "तुम्ही मारून दिलेल्या खुंट्यांच्या आत बांधलं मी. वर तीन फूट जागाही सोडली."

"जुने कागद शोधतोय गं. बघतो."

वही तेव्हा त्यांच्या गादीखाली होती. स्वतःचीच किळस यायची, पण तोंड उघडत नव्हतं. जन्मभर एकच तर कमावलं होतं, काकांचं माप म्हणजे माप. पंधरा दिवस असेच निघून गेले.

एकविसाव्या दिवशी संघाच्या अध्यक्षांच्या अंगणात सभा भरली. अध्यक्षांची लाकडाची वखार होती आणि घर पहिल्या प्लॉटवर होतं. त्या फुकटच्या नऊ फुटांत त्यांची मोटार उभी असायची. माणूस वाईट नव्हता, वर्षभर वसाहतीसाठी त्यानेच टाचा झिजवल्या होत्या. त्यांनी ठराव वाचला, अतिक्रमण काढून रस्ता मोकळा करावा. सिस्टर शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. हात वर झाले आणि काकांना राहवेना.

"थांबा! अतिक्रमण तिचं नाही. चूक माझी आहे." त्यांनी वही उघडून सगळं वाचून दाखवलं.

मग एकदम गलका झाला. "म्हणजे माझं स्वयंपाकघर कुणाच्या जागेत?" "म्हणजे आमची विहीर यांची?"

"काका, बसा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं आता वय झालंय."

"वय झालंय, पण हे अक्षर तरुणपणीचं आहे!"

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी आवाज उतरवला. "बरं, तुमचंच खरं. मग आठही घरं पाडायची का? वीस-पंचवीस वर्षं चिखल तुडवलाय आपण. कोण पाडतंय आपलं घर, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं. खरं सांगायचं तर काकांचा हातही गुडघ्यावरून उचलला गेला नाही.

"हे लिहू नका," अध्यक्षांनी वृत्तांत लिहिणाऱ्याला सांगितलं. "ठराव मंजूर."

माणसं पांगली. सिस्टर काकांपाशी आली. "वही कधी सापडली?"

"फुली मारली त्याच दिवशी."

"मी तुमच्याकडे येत होते, तेव्हा होती तुमच्याजवळ?"

"होती."

तिने मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

भिंत पाडायला एक सकाळ पुरली. मोकळ्या जागेचे तीन आणि घराचे सहा फूट गेले, आईची दहा फुटी खोली चार फुटांची उरली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवी भिंत चढवायला आला, तेव्हा काका खिशात टेप घालून तिथे गेले. बाहेर डांबराचा रोलर फिरत होता आणि शेजारीपाजारी कौतुकाने बघत होते. आत सिस्टर उभी होती, खाट नेमकी कशी लावायची या विचारात. आईला उठवायचं तर खाटेच्या एका अंगाला उभं राहायला जागा हवी.

काकांनी टेपचं टोक ओढलं.

"तुम्ही नका," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मिस्त्री मोजतील."

काकांनी टेप मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने आकडा सांगितला, तिने मान डोलावली. आईसकट खाट आतल्या भिंतीला लागून बसली. उरलेल्या जागेत सिस्टर अंग चोरून शिरली आणि आईच्या पाठीखाली उशी सरकवू लागली.

"कोण आलंय गं?" आईने विचारलं. अर्ध्या तोंडाने ती अडखळत बोलायची. काकांच्या चुकीचं तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "मोजणीकाका का? किती धावतात बिचारे आपल्यासाठी. खुर्ची दे की त्यांना."

सिस्टरने खोलीभर पाहिलं. खुर्ची ठेवायला कुठेच जागा नव्हती.

"असू दे आई," काका दारातूनच म्हणाले. "मी उभाच बरा आहे."