टाकीतली हळद

सुज्ञ वाचकहो, एका मातेच्या भक्तिभावाने एका कन्येच्या परिश्रमांचे काय झाले, याचा यथार्थ वृत्तांत येथून पुढे सादर करीत आहे. तो शांत चित्ताने वाचावा, ही नम्र प्रार्थना.

कोपरखैरण्यात शालन नावाची एक गृहिणी राहत असे. तिचे यजमान बाबासो हे वाशीच्या मसाला बाजारात पोती वाहण्याचे काम करीत. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास येई, आणि धुण्यापूर्वी शालन तो सदरा क्षणभर नाकाशी धरी. तो वास तिला थेट वाईच्या पलीकडे, कृष्णाकाठच्या सासरी नेऊन सोडी. शिमग्याच्या सुमारास तेथे हळद निघे. बांधावर चुलाण पेटे, त्यावर भलीमोठी काहील चढे, आणि ओली हळकुंडे हळदीच्याच पाल्याखाली शिजू लागली म्हणजे वाफेने सारे शिवार घेरून जाई. बायकांचे तळहात तर कैक दिवस पिवळे राहत. तेव्हा शालन नवी नवरी होती.

"लग्नाची हळद फिटता फिटत न्हाई," असे ती लाजून म्हणाली, की जावा तिला चिडवीत, "अगं, आमचे भावजी रोज नवी लावत असतील!"

अशा या शालनची कन्या राजलक्ष्मी ही एम.एस्सी. होऊन तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीस लागली. हळदीत जो औषधी पिवळा गुण असतो, तो झाडाविना, पोलादी टाकीत तयार करण्याचे कार्य तेथे चालले होते.

"पावात घालतात ना, ते यीस्ट," राजलक्ष्मीने आईस समजावले. "त्याच्यात हळदीच्या झाडाची जनुकं बसवलीत. आता त्याला साखर पाजायची, हवा द्यायची आणि वाट बघायची."

"म्हंजी हळदीचं वावरच की गं ते! नुसतं उभं!" शालन हरखून म्हणाली.

बाबासो आपली पाठ चोळीत म्हणाले, "जन्मभर लोकांची हळद डोक्यावर वाहिली. आता नळानं येणार व्हय? आदी सांगायचं की, पोरी!"

परंतु वर्ष सरत आले तरी यीस्टने पिवळेपणाचा लवलेशही दाखविला नाही. प्रमुख शास्त्रज्ञ अभिराम सर यांना मालकांनी निक्षून बजावले, की दिवाळीपूर्वी टाकीतून हळद न निघाल्यास ते काम कायमचे बंद होईल. त्या यीस्टच्या पेशींवर राजलक्ष्मीने तर लेकरासारखी माया केली होती.

अशा चिंताग्रस्त काळात खंडेनवमी आली. त्या दिवशी तुर्भ्याच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते व कुटुंबीयांना आत येता येते. बाबासोंसह गेलेल्या शालनने झेंडूची माळ, नारळ व घरच्या डब्यातील हळदकुंकू नेले. टाकीला हळदकुंकू वाहून झाल्यावर तिला खाली एक छोटी तोटी दिसली. सर्वजण प्रसाद घेण्यात गुंतलेले पाहून तिने हळदीचे बोट तोटीच्या तोंडातून आत फिरविले, नव्या घागरीच्या गळ्यात फिरवावे तसे, आणि मनोमन देवीस विनविले, "आई, लेकीचं वावर पिकू दे."

दुसऱ्या सकाळी दसऱ्याची सुट्टी असूनही राजलक्ष्मी टाकीची निगराणी करण्यास गेली. दुपारी परतली ती पेढे घेऊनच.

"आई! आली! हळद आली!" तिने शालनला गरकन फिरविले. "नमुना पिवळा आला. तपासायच्या यंत्रानंपण हळदच दाखवली. सरांना फोनवर रडायलाच आलं. उद्या मालकांपुढे सांगायचंय."

शालनच्या डोळ्यांपुढे तिची काहील उभी राहिली. तिने पेढा मुखात घातला आणि सहज विचारले, "कुठनं काढलीस गं?"

"खालच्या तोटीतून. नमुना तिथूनच काढतात."

पेढा शालनच्या तोंडात तसाच राहिला. बाबासोंनी तिच्याकडे पाहिले. पूजेच्या दिवशी तिचा सारा पराक्रम त्यांनी बघितला होता. लेक हात धुण्यास आत जाताच ते कुजबुजले, "गप बस. दसऱ्याची कृपा म्हनायचं. पोरगी किती दिसांनी हसलीया."

हसली होती खरी. शालनचेही धाडस होईना. गप्प राहिले तर लेकीचे हसू राहणार होते, काम राहणार होते. परंतु जिच्यात बीच रुजले नाही अशा सरीला पाणी पाजत राहण्याचे दुःख तिला ठाऊक होते. लेकीने आणखी किती वर्षे तसे पाणी पाजावे?

"राजे," ती म्हणाली, "त्या तोटीला आतनं हळद लावली हुती मी. पूजंच्या दिवशी."

राजलक्ष्मी दारातच थांबली. हातातून पाणी ठिबकत राहिले.

"आतून?"

"आतनं."

"मी तोटी स्पिरिटनं धुतली होती गं," ती स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाली. "स्पिरिटमध्ये हळद विरघळते. तीच नमुन्यात उतरली." मग तिने आईकडे पाहिले. "आई, काय केलंस हे!"

बाबासो म्हणाले, "मलाच मार, मी बघत हुतो." कोणी हसले नाही.

राजलक्ष्मीने त्याच क्षणी अभिराम सरांना फोन लावून सर्व हकीकत निवेदन केली. दुसऱ्या दिवशी तोटी खोलून उकळली व नवा नमुना काढला. तो पाण्यासारखा निघाला. मालकांना खरे तेच सांगण्यात आले, आणि दिवाळीची वाट न पाहता यीस्ट वाफेने मारून टाकी रिकामी करण्याचा हुकूम सुटला.

त्या सायंकाळी लेक बोल लावील, या भयाने शालन ओट्याशी पाठमोरी उभी होती. राजलक्ष्मी येऊन तिच्या शेजारी टेकली.

"सर म्हणाले, आईंनी सांगितलं नसतं तर वर्षभराने सगळ्यांसमोर तोंडावर पडलो असतो." मग ती म्हणाली, "टाकी मीच धुतली आज. माणूस होता, पण मी म्हटलं, नको."

शालनने वळून पाहिले.

"आई, गावाकडच्या वाटणीत आपल्या हळदीच्या वावराची पट्टी गेली, तेव्हा तू काय केलंस?"

हे लेकीने आजवर कधी विचारले नव्हते.

"काय करनार? काहील घासत बसले. लई घासली. तुझी आजी म्हनाली, आगं, भोक पडंल तिला!"

राजलक्ष्मीला हसू आले आणि त्या हसण्यातच ती रडू लागली. शालनने तिचे मस्तक छातीशी घेतले. पुष्कळ वेळाने तिने विचारले, "आता गं?"

"सोमवारपासून दुसरं यीस्ट. गुलाबाचा वास काढायचाय."

"गुलाबाचं मला काय ठावं न्हाई, बाई."

"हळदीचं सांग ना. हळकुंड शिजलं हे कसं कळायचं?"

"काडी टोचायची," शालन म्हणाली. तिने गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसून ती लेकीला घेऊन खाली बसली. "पर आदी वास बदलतो. कच्च्याचा उग्र असतोय..."

आणि मायलेकींचे बोलणे पुष्कळ लांबले.

वाचकहो, माझे शिक्षण बेताचे, म्हणून शब्दांत उणीव राहिली असल्यास क्षमा असावी. आपण अखेरपर्यंत सोबत केलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला,
हिरामण गेनबा शेलार, कोपरखैरणे