सातवा रकाना

“शून्य नीट धर,” साहेब म्हणाले, “बोटभर पुढं गेलंय.”

मी फीत बोटभर मागं घेतली. एकोणीस वर्षं मी या माणसाची गाडी चालवतो आणि फितीचं शून्य धरतो. दोन्ही कामं कागदोपत्री माझीच आहेत असं नाही, पण फीत धरायला वेगळा माणूस मंजूर नाही आणि झुडपं काही फीत धरत नाहीत. त्या दिवशी आम्ही वळणावर उभे होतो. फीत झुडपांमधून पलीकडं गेली होती, दुसऱ्या टोकाला साहेब होते आणि रस्ता कुणालाच दिसत नव्हता. एक ट्रक आवाजापुरता आला आणि अंगावरून गेल्यासारखा गेला. सात महिन्यांपूर्वी याच जागेवर साहेबांचा जावई गेला होता. त्या जागेची मापं घ्यायला साहेबांनाच पाठवलं होतं, आणि ते पहिल्यांदा नव्हे, दुसऱ्यांदा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. रस्त्याच्या कडेला गटार काढायचं असो, बसथांबा असो, विजेचा खांब असो, तिथं पेरलेलं-लावलेलं नसलेलं मूळचं रान असेल तर ते तोडण्याआधी पाहणी करावी लागते. जागा हजार चौरस मीटरच्या आत असली की ती ‘किरकोळ तोड’. तिला मोठा अहवाल लागत नाही, एका पानाचा फॉर्म पुरतो. असे फॉर्म भरण्यात साहेबांचं आयुष्य गेलं. ऑफिसात त्यांना सगळे ‘किरकोळ साहेब’ म्हणायचे. आधी पाठीमागं, नंतर तोंडावर, आणि शेवटी शेवटी ते स्वतःच फोनवर तसं सांगायला लागले.

माणूस नाकासमोर चालणारा. झुडूप न झुडूप मोजणार, पानं उलटून बघणार, घरून आणलेला डबाही गाडीत नाही, खाली उतरून सावलीत बसून खाणार. फक्त एका बाबतीत आम्ही दोघंही आळशी होतो. फॉर्मवर सातवा रकाना असा आहे: ‘एक किलोमीटरच्या आत याच प्रकारचं रान शिल्लक आहे काय? असल्यास कुठे?’ शिल्लक असेल तर तोडायला हरकत नाही. आता उन्हातान्हात कोण एक किलोमीटर चालणार? मागच्या कामाचा फॉर्म गाडीच्या खणात असायचाच. मी तो काढून द्यायचो, साहेब त्यावरून उतरवून घ्यायचे. या रस्त्याच्या फॉर्मवर उत्तर ठरलेलं असे: ‘आहे. वळणाजवळ.’

ही पद्धत साहेबांनी काढलेली नव्हती. त्यांच्या आधीचे साहेबही असंच करायचे आणि बाकीचे आजही तेच करतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी खोटं कशाला बोलू?

मग दीड वर्षापूर्वी वळणाचीच फाईल आली. वळण आंधळं होतं. झुडपं छातीइतकी, त्यामुळं समोरचं वाहन अगदी तोंडावर आल्यावर दिसायचं. रस्ता थोडा रुंद करायचा आणि आतल्या बाजूचं रान काढून टाकायचं, असा बेत होता. जागा सहाशे ऐंशी चौरस मीटर, म्हणजे किरकोळच. साहेबांनी नेहमीप्रमाणं हात पुढं केला, मी फॉर्म दिला, आणि सातव्या रकान्यात ‘आहे. वळणाजवळ’ एवढं लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला. आम्ही वळणावरच तर उभे होतो.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही मागंपुढं एक-एक किलोमीटर हिंडलो. काही नव्हतं. बसथांबा होता, गटार होतं, जाहिरातीचे फलक होते, केबलचा चर बुजवून वर उगवलेलं फालतू गवत होतं. ऑफिसात येऊन साहेबांनी जुने फॉर्म काढले. तेवीस निघाले. तेविसांवर सही त्यांची आणि तेविसांवर शिल्लक रान वळणाजवळ. कुणी एका घासात खाल्लं नव्हतं, तेवीस वेळा चिमूटभर काढून परात रिकामी झाली होती. वळणावरची ती राखाडी पानांची झुडपं दुसरीकडं रुजत नाहीत, कमरेला लागायला वीस वर्षं घेतात. साहेबांनी घरी गॅलरीत डब्यांमध्ये त्यांचं बी पेरून पाहिलं होतं. एकही उगवलं नव्हतं.

त्यांनी वळणाच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. नोकरीतलं पहिलं ‘नाही’. मोठ्या साहेबांनी आरडाओरडा केला, पण नियमापुढं त्यांचंही काही चालेना. फाईल मोठ्या पाहणीसाठी वर गेली आणि तिचं घोंगडं भिजत पडलं. मधल्या काळात वळणावर एखादा गतिरोधक घालावा, एखादा आरसा बसवावा, असं साहेबांनी दोनदा लिहून कळवलं. रुंदीकरण होणारच आहे, मग आता आरसा कशाला, असं उत्तर आलं. मला मोठ्या साहेबांचा राग येतो तो आरडाओरड्याचा नाही, या उत्तराचा येतो.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. हसरा माणूस, मला भेटला की तुमची गाडी वर-खाली का करत नाही म्हणून चिडवायचा. सकाळी साडेआठला स्कूटरवरून कामाला निघाला आणि वळणावर समोरून टँकर त्याच्या बाजूला शिरला. टँकरवाल्याला स्कूटर दिसली नाही आणि याला टँकर. मागं राहिल्या साहेबांची मुलगी आणि तिची चार वर्षांची लेक. दोघी साहेबांकडं राहायला आल्या. साहेबांच्या बाई आधीच वारलेल्या, त्यामुळं घरात बाप, मुलगी आणि नात एवढीच माणसं.

मुलीला, म्हणजे ताईला, फॉर्मचं ठाऊक नव्हतं. ते तिला मोठ्या साहेबांनी सांगितलं, भेटायला आले तेव्हा, चहाचा कप हातात असताना. आम्ही तर वळण कापायला निघालो होतो, पण तुमच्या वडिलांचं मत पडलं, असं म्हणाले. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी मान वर केली नाही. त्यानंतर सहा महिने ताई वडिलांशी कामापुरतंच बोलली. ताट वाढायची, औषधाची गोळी ताटाशेजारी ठेवायची आणि आत जायची. साहेब म्हणायचे, “चुकीचं काय आहे तिचं?”

मग फाईल ‘फेरपाहणी करावी’ असा शेरा घेऊन परत आली. वरच्यांनी हात झटकले होते. साहेबांना हे काम दुसऱ्याकडं देता आलं असतं, मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, त्या रस्त्यावरचे चोवीस कागद माझे आहेत, पंचविसावा दुसऱ्याचा कशाला.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही तेव्हा तिथली झुडपं मोजली होती?”

“मोजली होती. एक्केचाळीस.”

“आणि माणसं मोजायला रकाना नव्हता?”

“नव्हता,” साहेब म्हणाले.

ती आत गेली. साहेबांनी चपला घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

म्हणून त्या दिवशी आम्ही वळणावर होतो आणि साहेब मला शून्य नीट धरायला सांगत होते. सहाशे ऐंशी चौरस मीटर जागा एका तासात मापून होते. साहेबांनी सकाळपासून चार वाजवले. प्रत्येक झुडपाचा घेर घेतला, उंची घेतली, बुंध्याला पिवळ्या रंगाची खूण केली. फॉर्मला यातलं काही लागत नाही. आधीच्या वेळचीच एक्केचाळीस भरली, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. जावयाची स्कूटर जिथं पडली होती तिथं डांबरावर ओरखडा होता. त्याच्या बाजूनं त्यांनी तीनदा फीत नेली आणि तिन्ही वेळा वळसा घालून नेली.

काम संपल्यावर ते किलोमीटरच्या दगडावर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरली.

“तुला दुसरा फलक आठवतो?” त्यांनी विचारलं. “साबणाचा होता. नंतर मोबाईलचा झाला.”

मी म्हटलं, आठवतो.

“तिथं माझ्याएवढी सव्वीस झुडपं होती. त्या फलकाला मी नाही म्हटलं असतं ना, तर या वळणाला हो म्हणता आलं असतं. काहीतरी शिल्लक असतं लिहायला.” बाटली खाली ठेवत ते म्हणाले, “साबणाला हो म्हटलं मी. आणि पोराला नाही.”

मला रडू आलं. मी गाडीचं बॉनेट उघडून उगाच तेल बघत राहिलो. परत आलो तोवर त्यांनी मांडीवर फॉर्म ठेवून भरला होता. सातव्या रकान्यात ‘नाही’ होतं. खाली शिफारशीत ‘रस्त्यावरील जीवितास धोका असल्याने तोडण्यास हरकत नाही’ असं होतं. ही वाक्यं एका कागदावर बसत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही, पण मोठ्या साहेबांनी कागद उभ्या उभ्या मंजूर केला. त्यांना फक्त खालची ओळ हवी होती.

तोडीच्या दिवशी साहेब ऑफिसातच बसून राहिले. मला मात्र ताईचा फोन आला. “काका, मला तिथं नेता का?” म्हणाली. आम्ही पोचलो तेव्हा मशीन निम्म्यावर आलं होतं. पिवळ्या खुणांची झुडपं मुळासकट उलटून पडत होती. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली असतील. मशीनवाला उतरला, तोंड पुसलं आणि मला तंबाखू आहे का विचारलं.

ताई ओरखड्याजवळ जाऊन उभी राहिली. रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर उघडा पडला होता. पार टोकाकडून येणारा टेम्पो मुंगीएवढा दिसत होता. तो मोठा होत होत आमच्या बाजूनं निघून जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली.

“दिसलं असतं,” ती म्हणाली, “खूप आधी दिसलं असतं.”

मग तिनं विचारलं, ही झाडं किती वर्षांची होती. मी साहेबांचं ऐकलेलं सांगितलं, साठ-सत्तर तरी असतील. ती खाली वाकली आणि ढिगातली एक राखाडी डहाळी मोडून तिनं पर्समध्ये ठेवली. त्या संध्याकाळी ती डहाळी साहेबांच्या ताटाशेजारी, गोळीच्या बाजूला ठेवलेली होती म्हणे. साहेबांनी मला एवढंच सांगितलं आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवसापासून ताईनं डब्यात भाजी कुठली दिली आहे हे त्यांना आधीच माहीत असायचं, त्यावरून मी काय ते समजलो.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या रस्त्यावरचं काम निघालं. जाहिरातीच्या फलकासाठी चाळीस चौरस मीटर जागा, किरकोळातलं किरकोळ. मापं घेऊन झाली, फॉर्म भरत आला. सातवा रकाना आला तसा मी सवयीनं खणातून जुना कागद काढून पुढं केला. त्यावर लिहिलं होतं: ‘आहे. पुलापलीकडे.’

साहेबांनी कागद घेतला नाही. टोपी घातली आणि चालायला लागले. ऊन मी म्हणत होतं. गाडीत बसा म्हटलं तर म्हणाले, गाडीतून दिसत नाही. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी त्यांच्या मागं मागं आणली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, दर दहा पावलांवर थांबून कडेचं गवत बाजूला करून बघत होता. पुलापलीकडं पेट्रोल पंप होता. पंपाच्या रस्त्याचा फॉर्म सहा वर्षांपूर्वी आम्हीच भरला होता. दुसऱ्या बाजूलाही ते तसेच किलोमीटरभर जाऊन आले.

परत येऊन त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि शिफारशीच्या जागी ‘तोडू नये’ लिहिलं. सही केली, तारीख घातली.

“साहेब, एका फलकासाठी?” मी म्हटलं. “ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतील. आठ दिवसांत फलक उभा राहील.”

“राहील,” ते म्हणाले. “पण ह्यावेळी तो माझ्या सहीनं राहणार नाही.”

परतीची वाट वळणावरूनच होती. एकोणीस वर्षं तिथं आलो की माझा हात आपोआप हॉर्नवर जातो. तोडलेल्या जागेवर खडी पसरली होती, रस्ता टोकापासून टोकापर्यंत लख्ख मोकळा होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती. मी हात मागं घेतला.

साहेब समोर बघत होते. फॉर्म त्यांच्या मांडीवर होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी त्यावर तळहात दाबून धरला होता.

“वाजव,” ते म्हणाले.

मी हॉर्न वाजवला आणि आम्ही वळण पार केलं.