कोलंबी आणि पन्ह्याचे ग्लास

कोलंबीला तीन शिट्ट्या द्यायच्या नसतात, हे इंदुताईंना जन्मात कुणी सांगितलं होतं का? विद्यानगरच्या त्या घरात मटण शिजे, तेही कुकरला सणसणीत शिट्ट्या देऊन. समुद्राचं काही आत आलं ते सून आल्यावर.

सून मुंबईची, रसिका. नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागली होती, आणि आज तिच्या ऑफिसची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला यायची होती. इवल्या ग्लासांत तळाशी गुलाबी सॉस, वर गार कोलंबी, असं काहीतरी ती करणार होती. एका घोटात संपवायचं म्हणे! आता दुकानात सॉस बाटलीत मिळे आणि सोललेली कोलंबी बर्फाच्या पाकिटात, मग हौसेला काय तोटा?

"आई, मी बाजारातून छोटे ग्लास घेऊन येते. तेवढी कोलंबी शिजवून ठेवाल?" एवढं बोलून ती गेली. इंदुताई सुखावल्या. यजमान हिम्मतराव गेल्यापासून सहा वर्षांत 'एवढं कराल का' असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी जीव ओतून शिजवली.

रसिका रिकाम्या हाती परतली. तिने कुकर उघडला, एक कोलंबी तोंडात टाकली आणि चावतच राहिली.

"आई, हिला दोन मिनिटं पुरतात हो."

इंदुताईंनी कुकरचं झाकण परत लावलं. आता ही पोरगी आपल्याला कशाला हात लावू देणार नाही. झालंच, बसा कोपऱ्यात माळ ओढत!

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, रडता काय! सांगायचं मी विसरले. आता काय करू या ते सांगा."

इंदुताईंनी डोळे पुसले आणि विळी ओढली. कोलंबी बारीक चिरली, कैरी किसली, हिरव्या मिरचीचा ठेचा सॉसमध्ये कालवला. रसिकाने बोट चाटलं आणि "हाय!" म्हणून डोळेच मिटले.

"पण घालायचं कशात? ग्लास मिळालेच नाहीत."

इंदुताईंनी विळी बाजूला सारली. "माळ्यावर आहेत. जुन्या लुगड्यात बांधलेले."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं द्यायचे ते बुटके ग्लास. हिम्मतरावांनी हौसेने आणले होते. ते गेले, इंदुताईंचं हळदीकुंकू सुटलं, आणि गाठोडं माळ्यावर गेलं. आज दोघींनी ते धुतले, भरले, फ्रिजमध्ये ठेवले.

संध्याकाळी पाहुणे आले तशा इंदुताई सवयीने आतल्या खोलीत जाऊन बसल्या. शेजारणींच्या हळदीकुंकवातही त्या अशाच बाजूला होत. दार ढकलून रसिका आली, हातात ट्रे.

"आई, पन्हं देताना पहिला ग्लास कुणाला द्यायचा?"

"देवीला. मग जमलेल्यांत सगळ्यांत मोठ्या बाईला."

"देवीला हे चालायचं नाही," रसिका म्हणाली, आणि तिने पहिला ग्लास इंदुताईंच्या हातात दिला. "बाहेर या. तुमच्याआधी मी कुणाला देणार नाही."

"नक्को गं, लोक काय..."

"लोक थांबलेत, आई."

इंदुताईंना रडू आवरेना. एका हाताने सुनेचा दंड धरून त्या बाहेर आल्या, मधल्या खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत ग्लास तोंडाला लावला. बराच वेळ चावत राहिल्या.

"रबरच झालंय गं," त्या म्हणाल्या. "पण आण अजून एक."