परसातली जुनी चूल

आमच्याकडे नवी चूल आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मामंजी सोडून. चूल बुटकी, तोंड एवढंसं, पाठीला धुराडं. बसवून झाल्यावर चूलवाल्या ताई म्हणाल्या, हिला निम्म्याहून कमी सरपण लागतं आणि धूर घरात राहत नाही, त्यामुळे सासूबाईंचा खोकला आता चार दिवसांचा पाहुणा समजा. मामंजींनी विचारलं, मग उरलेल्या सरपणाचं काय करायचं? ताई म्हणाल्या, आणायचंच नाही.

हे त्यांना लागलं. मामंजींनी सासूबाईंना कधी दागिना केला नव्हता. गोड बोलणं तर त्यांच्या जिभेला पेलतच नसे. रोज संध्याकाळी मोळी आणून अंगणात टाकायची आणि "घे" म्हणायचं. सासूबाई "बरं" म्हणायच्या. माझा नवरा या दोन शब्दांतूनच जन्माला आला असावा.

तर मामंजी मोळ्या आणतच राहिले. ढीग खिडकीच्या वर गेला आणि स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लागू लागला. लोक विचारू लागले, वखार कधी उघडताय? शेजारची कोंबडी ढिगाच्या टोकावर राहायला आली. तिथून तिला गाव बरं दिसत असावं.

मग अचानक ढीग उतरू लागला. मामंजींची कळी खुलली. ते म्हणाले, मी सांगत होतो, ही चूल खादाड आहे, नुसती दिसायला बारीक. त्याच सुमारास घरात गरम पाण्याचा सुकाळ झाला. आम्ही सगळे दोनदोनदा आंघोळ करू लागलो. शेळीलाही कोमट पाणी मिळू लागलं आणि ती गार पाणी दिसलं की तोंड फिरवू लागली.

सासूबाईंचा खोकला मात्र वाढला. एका सकाळी तर त्या भिंत धरून खाली बसल्या. मी चूलवाल्या ताईंना बोलावून आणलं. त्यांनी धुराड्यात कोपरापर्यंत हात घातला, तो जवळजवळ स्वच्छच बाहेर आला. त्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, धुराडं तुंबलेलं नाही, म्हणजे बांधण्यातच माझं काहीतरी चुकलंय, मोडून पुन्हा बांधते.

हे सासूबाईंना सांगायला हवं, म्हणून मी त्यांना शोधत परसात गेले. माझ्या मागोमाग मामंजी. गोठ्याच्या आडोशाला जुनी चूल भडकली होती. तिच्यात मांडीएवढा ओंडका, वर पाण्याचा हंडा आणि धुरात नाकाला पदर लावून सासूबाई.

"हे काय चाललंय?" मामंजींनी विचारलं.

"पाणी तापवतेय."

"कुणाला?"

सासूबाईंनी विचार केला. शेळीची आंघोळ झाली होती.

"कोंबडीला," त्या म्हणाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मामंजी ती थांबेपर्यंत उभे राहिले.

"संपवायला नको? तुम्ही एवढं आणता," सासूबाई म्हणाल्या. "पडून राहिलं तर तुम्ही आणायचं बंद कराल. मग संध्याकाळी काय म्हणून घरी याल?"

मामंजींनी हंडा उचलला आणि सगळं पाणी जाळावर ओतलं. चूलवाल्या ताईंना मी चहा देऊन, तुमचं काही चुकलेलं नाही असं सांगून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजी मोळीशिवाय आले. रिकाम्या हातांचं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते आधी पाठीमागे बांधले, मग डोक्यावर ठेवले, मग थोडा वेळ शेळीच्या पाठीवर. शेवटी ढिगातला एक ओंडका आणि कोयता घेऊन ते नव्या चुलीपाशी येऊन बसले. त्या एवढ्याशा तोंडात बोटाएवढ्या ढलप्याच जातात. त्या ते काढू लागले. सासूबाई एकेक त्यांच्या हातातून घेऊन आत सारत होत्या. ढलपी लवकर जळते, त्यामुळे उठून जायची सोय नाही.

मग मामंजींनी कोयत्याकडे बघत विचारलं, "मी नसतो तेव्हा दिवसभर काय करतेस?"

सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला.