उलटी बाही

उमेदवारीच्या काळात शिंप्याच्या त्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. "अगं टाचणी, हे काज आहे की उंदराचं बीळ?" मास्तर ओरडले की चटईवर बसलेल्या शिकाऊ उमेदवारांत खसखस पिके, आणि तीही हसे. दुकानाची रीतच होती: उमेदवाराची चूक ती मास्तरांची चूक. गिऱ्हाईक भडकलं की मास्तर स्वतः पुढे होत, "माझ्याच नजरेतून सुटलं" म्हणत. मागाहून कान उपटत, ते वेगळं.

मग एके सकाळी त्यांनी तिला मोठी कात्री आणि खिडकीपाशी उंच टेबल दिलं. ती कारागीर झाली. घरी आईने देवाला हात जोडले.

आता गंमत पाहा. ज्या दिवसासाठी जीव टाकला, त्या दिवसापासून तिच्याशी कुणी धड बोलेना. डबे उघडताना उमेदवार तिला हाक मारीनात. वर बसलेल्या माणसाला खाली कसं बोलवायचं? मास्तर 'अहो' करू लागले. कारागिराच्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, म्हणून तिची शिवण उलटून बघणंही त्यांनी सोडलं. देवाने मान दिला खरा, पण मान काही दोन शब्द बोलत नाही हो.

पहिलं काम एका म्हाताऱ्या बाईंचं. आपल्या आईचा मखमली झगा उसवून आणला होता त्यांनी. "यातून मला कोट दे, बाळ. एवढंच कापड आहे."

कापड पुरवता पुरवता तिने डाव्या बाहीचा तुकडा उलटा बेतला. मखमलीची लव एका दिशेने असते. एक तुकडा फिरला की उजेडात त्याचा रंगच निराळा. कोट पुतळ्यावर चढवला तेव्हा ती बाही सावलीत उभी असल्यासारखी दिसली.

"मास्तर, जरा बघता का?"

"तुम्ही बेतलंत ना?" सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले. "मग तुम्हीच बघा."

संध्याकाळी त्या आजी कोट घ्यायला आल्या. दुकानातल्या मंद दिव्यात कोट घालून आरशापुढे वळून वळून बघू लागल्या. "देव तुझं भलं करो! आईच जवळ आल्यासारखं वाटतंय गं."

मास्तरांची कात्री थांबली. सवयीने ती स्वतःही क्षणभर थबकली, कुणी पुढे होईल म्हणून. कुणी झालं नाही.

"आजी, दारात या जरा. डावी बाही बघा. उलटी बेतली गेली. चूक माझी आहे."

आजींनी उजेडात हात धरला. "अगंबाई... मला कळलंच नसतं."

"हो."

"कापड तर संपलं."

"कोटाच्या आतल्या मखमली पट्ट्या काढून बाही जोडीन. पण जोड दिसेल."

आजींनी कोट हळूच उतरवला, बाहीवरून एकदा हात फिरवला. "कर काय ते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मास्तर टेबलापाशी आले. "पट्ट्या पुरतील?"

"कोपराच्या वर एक तुकडा कमी पडेल."

"हं." ते आपल्या जागी परत गेले.

ती बाही उसवायला बसली. खाली चटईवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे फिस्सकन हसले.

"काय रे, काय झालं?" तिने वाकून विचारलं.

एकाने घाईने सुई उचलली. "काही नाही, ताई."

तिने मान खाली घातली आणि पुढचा टाका तोडला.