ऑं म्हणजे आपण?

मी ‘ऑं’ बोलतोय. फ्रेंच भाषेतलं सर्वनाम. नाकातून काढायचा एवढासा आवाज, पण माझ्या डोक्याला ताप किती, ते माझं मला ठाऊक.

जुन्या लॅटिनमधल्या ‘माणूस’ या शब्दापासून मी झालो आणि झिजत झिजत इतकाच उरलो. मी कधी ‘आपण’ असतो, कधी ‘लोक’, कधी ‘कुणीतरी’. माझ्या आड माणसं कितीही असोत, क्रियापद मात्र एकवचनीच. म्हणजे भार सगळ्यांचा वाहायचा आणि मोजायचं एकट्याला! चिडू नको तर काय करू?

त्यातून ज्याला स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, तो हटकून मला पुढे करतो.

फ्रान्समधल्या एका लाँड्रीत आपल्याकडची एक बाई इस्त्रीच्या कामाला लागली. नवी होती, काम पटलं तरच कायम करणार होते. घरी तिची धाकटी नणंद तिला फ्रेंच शिकवायची.

“वहिनी, ऑं म्हणजे आपण. सोप्पं आहे.”

“आपण म्हणजे कोण? तू आणि मी?”

“अगं, आपण म्हणजे आपण! चल पुढे.”

पुढे चल म्हणे! माझे बाकीचे अर्थ सांगायला हिला काय धाड भरली होती?

मग व्हायचं तेच झालं. मालक फोनवर गप्पा मारत होता आणि त्याच्या हातातली इस्त्री एका लग्नाच्या झग्यावर तशीच राहिली. जळका वास आला तशी वहिनी आतून धावली. तेवढ्यात गिऱ्हाईक बाई दारात हजर. मालक खाली बघत म्हणाला, “ऑं आ ब्रुले ला रॉब.”

झगा कुणीतरी जाळला, असं त्याला म्हणायचं होतं. वहिनीने ऐकलं, ‘आपण झगा जाळला.’ तिला वाटलं, मालक किती मोठ्या मनाचा, चूक त्याची आणि म्हणतोय ‘आपण’! त्याला एकटं कसं पाडायचं? तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “वी, ऑं.” हो, आपणच.

गिऱ्हाईक बाईची नजर तिच्यावर खिळली. मालकाने ती चूक सुधारली नाही. मी ओरडून सांगत होतो, पण सर्वनामाचं कोण ऐकतो? चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच दिवशी तिला घरी पाठवलं.

पुढे दुसऱ्या नोकरीची तयारी सुरू झाली. नणंदेने विचारलं, “आधीचं काम का सुटलं, असं विचारलं तर काय सांगशील?”

वहिनीने वही मिटली. मग म्हणाली, “ऑं मा रांव्वाये.” मला ‘कुणीतरी’ काढून टाकलं.

“वहिनी! एक चूक नाही! दे टाळी!”

वहिनीने हात पुढे केला नाही.

बाबांनो, मला खुशाल वापरा. पण इस्त्री तुमच्या हातात असेल तेव्हा ‘मी’ म्हणा. फ्रेंचमध्ये त्यालाही शब्द आहे, आणि तो माझ्याहून अवघड नाही.