गुंडाळलेले मणी

उन्हाळ्यात गावच्या लग्नाहून परतल्यापासून हर्षदाच्या छातीत धडधडायचं. त्याला कारण लागत नसे. कुकरची शिट्टी झाली तरी धडधडे, नाही झाली तरी धडधडे. ईसीजी चांगला आला तेव्हा तर जास्तच, कारण मग हे नेमकं आहे काय, हा प्रश्न तसाच उरला. सुरतेतल्या डिंडोलीच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "बेन, टेन्शन लेवानुं नहीं. हाताला काहीतरी काम द्या." टेन्शन घेऊ नका हे सांगायची वेगळी फी लावली नाही, एवढं तिच्या नवऱ्याला, गजेंद्रला आवडलं.

हाताला काम म्हणून हर्षदाने दागिने करायला घेतले. विकत काही आणायचं नाही, हा नेम. मागच्या गल्लीतल्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला उरलेला धागा, साडीच्या किनारीच्या कापलेल्या पट्ट्या आणि तुटक्या माळांचे मणी, जे घरात बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठत आले होते. एकेका मण्यावर धागा गोल गोल गुंडाळायचा, मणी दिसेनासा झाला की गाठ मारायची. असं केल्याने पृथ्वी वाचते, असं हस्तकलेच्या प्रदर्शनातल्या बाया म्हणत. पृथ्वीचं तिला माहीत नव्हतं. गुंडाळताना श्वास खाली उतरतो, एवढं मात्र तिने तपासून पाहिलं होतं.

गजेंद्र डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. "मी दिवसभर कापड रंगवतो आणि बायको त्याच्या चिंध्या मण्यांना नेसवते," असं तो पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत, हर्षदाही हसे आणि तिचा हात गळ्यातल्या हाराकडे जाई.

तो तिने केलेला पहिला हार. डब्यातले सगळे मणी त्यातच संपले होते. पुढच्या माळा आणि कानातली बाहेरून मागून आणलेल्या मण्यांची. ती तिने वाटली, विकली. हा हार मात्र आंघोळीपुरताच उतरे. धडधडलं की एकेक मणी चिमटीत धरत ती मानेमागच्या गाठीपर्यंत जाई. तिथवर पोचेतो धडधड उतरलेली असे.

श्रावण लागला. यंदा घरची खानदेशी देवी, कानबाई, पहिल्यांदाच सुरतेच्या घरात बसणार होती. आजवर गजेंद्रच्या आई, शोभाबाई, अमळनेरजवळच्या गावी नारळाची देवी मांडून तिला नथ-पोत घालत आल्या होत्या. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि देवीची बदली सुरतेला झाली. देवीच्या पोतीचा दोरा कुजून सुटला होता. तिचे सोन्याचे मणी त्यांनी होळीलाच गजेंद्रच्या हाती दिले होते; पाटवेकराकडून ओवून आण, म्हणून.

देवी बसायची रविवारी. शनिवारी सकाळी गजेंद्रला ते काम आठवलं. यात विशेष काही नाही, त्याला सगळी कामं आदल्या दिवशीच आठवतात. तो स्टुलावर चढला आणि माळ्यावर हात फिरवू लागला.

"हर्षदा, बिस्किटांचा डबा कुठाय?"

"कुठला?"

"जुन्या मण्यांचा."

"त्यात आता शेवया आहेत."

गजेंद्र स्टुलावरून उतरला नाही. "आणि मणी?"

"वापरले."

"सगळे?"

"अहो, झालं काय?"

मग त्याने वरूनच सांगितलं. लग्नाला जाताना घर बंद राहणार होतं. चोर आधी कपाट फोडतो. तांदळाचा डबा तर आता चोरांना शिकवायला लागत नाही. म्हणून देवीचे मणी त्याने त्या भंगारात मिसळून ठेवले. "भंगारात कोण हात घालणार?"

"मी," हर्षदा म्हणाली. "मला सांगायचं तरी!"

"तुला टेन्शन नको म्हणून."

हर्षदा खाली बसली. तिला आठवत होतं. डब्यात सोनेरी मणी बरेच होते आणि तिला ते मुळीच आवडत नसत. प्लॅस्टिकने सोन्याचा आव आणलेला तिला बघवत नसे. म्हणून सगळ्यात आधी तिने तेच झाकले होते.

"वजनावरून कळेल," ती म्हणाली.

"कसलं कळतंय! वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. उसवावाच लागेल." गजेंद्रने कात्री आणली. हर्षदाने दोन्ही हातांनी हार धरला.

"अगं, देवीचं सोनं आहे ते!"

"उसवा. आणि मग मला दवाखान्यात न्यायला गाडी काढून ठेवा."

गजेंद्रने कात्री ठेवून दिली, पण हाताला लागेल अशी.

शोभाबाई दुपारच्या गाडीने उधन्याला उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या. पाणी प्यायल्या, भिंतीचा नवा चुना बोटाने तपासला, नैवेद्याच्या रोटाचं पीठ चाळून घेतलंय ना ते बघितलं आणि विचारलं, "पोत कोठे शे?"

गजेंद्र पंख्याकडे बघू लागला. पंखा बंद होता.

हर्षदाने हार काढून सासूच्या मांडीवर ठेवला. "याच्यात आहे, आई. पण कुठल्या मण्यात, ते माहीत नाही." आणि डब्यापासून सगळं सांगून टाकलं. शोभाबाई मणी बोटांत फिरवत राहिल्या. हर्षदाचा हात गळ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. धडधड कानापर्यंत आली.

"सोनं मझार शे ना?" शोभाबाईंनी विचारलं.

"आतच आहे."

"गटारमा ते नही गयं?"

"नाही."

"मंग घाल देवीले. देवीले समजस सोनं कोठे शे ते." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुले नही समजत."

रविवारी कानबाई तोच हार घालून बसली. भाऊबंद जेवायला आले. बाया देवीच्या पाया पडता पडता हाराला हात लावून बघत होत्या. "काय वं हर्षदा, हा हार कुठे मिळतो?" प्रत्येक हात लागला की हर्षदा वाढायचं थांबवून तिकडे बघे.

सोमवारी देवी विसर्जनाला तापीकडे निघाली. निघताना शोभाबाईंनी देवीचे दागिने उतरवले आणि हार सुनेच्या गळ्यात परत घातला. डीजे, गर्दी, नाचणारे चुलत दीर. हर्षदाचा हात हारावरून निघेना. पूर्वी ती मणी चाचपायची ते धडधड उतरवण्यासाठी. आता मणी जागेवर आहेत ना, ते बघण्यासाठी. कोणाचा धक्का लागला की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. मानेमागच्या गाठीपर्यंत ती कितीदा तरी जाऊन आली. काहीच उतरलं नाही.

घरी येऊन तिने पायसुद्धा धुतले नाहीत. कात्री घेऊन खाली बसली.

"आता?" गजेंद्रने विचारलं.

"आता."

पहिला मणी घेतला. गाठ कापली, धागा सुटत गेला, सुटतच गेला. एवढा गुंडाळला होता? प्लॅस्टिक. दुसरा, प्लॅस्टिक. चौथ्या-पाचव्यापर्यंत तिच्या लक्षात आलं, की धागा सोडतानाही श्वास तसाच खाली उतरतो. मांडीवर धाग्यांचा ढीग झाला. गजेंद्र समोर उकिडवा बसून प्रत्येक मण्याला "हा?" म्हणत होता.

खरा मणी निघाला तेव्हा गजेंद्रला ओळखताच आला नाही. प्लॅस्टिकपेक्षा मळकट होता. शोभाबाईंनी ओळखला. मग एकेक करत सगळे निघाले. हर्षदाने ते नवऱ्याच्या तळहातावर ठेवले.

"पाटवेकराकडे नेईपर्यंत तुमच्याकडे."

"आज दुकान बंद असतं त्याचं."

"मग उद्यापर्यंत."

गजेंद्रने मणी कपाटात ठेवले आणि काढले. तूरडाळीत ठेवले आणि काढले. देवघरात ठेवायला गेला, खिडकी बघितली आणि परत आला. शेवटी शर्टाच्या खिशात घालून बसला.

"मला छातीत कसंतरी होतंय गं," तो म्हणाला.

हर्षदाने उघडे पडलेले प्लॅस्टिकचे मणी आणि धागा त्याच्यापुढे सरकवला. "गुंडाळा."

"मी?"

"तुम्हीच. घट्ट नको, सावकाश."

गजेंद्रने एक मणी उचलला. "किती वेळ लागतो उतरायला?"

"आधी मणी तर झाकून होऊ द्या."

एक हात खिशावर ठेवून मणी गुंडाळता येत नाही, हे त्याला जरा वेळाने कळलं. मणी निसटून शोभाबाईंच्या पायाशी गेला.

"खिसा सोडा," हर्षदा म्हणाली.

त्याने सोडला. धाग्याचे दोन वेढे घेतले, आणि पुन्हा धरला.